वजाबाकी करणारी डबी

टर्बो बसवलेल्या जुन्या पेट्रोल इंजिनाच्या फ्युएल रेलला, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला, प्रेशर गेज जोडा आणि इंजिन सुरू करा. काटा 2.4 बारच्या आसपास उभा राहील. आता रेग्युलेटरच्या डोक्यावरची बारीक रबरी नळी उपसून काढा. काटा 3 वर जाईल. नळी पुन्हा बसवा, गाडी मोकळ्या रस्त्यावर काढा, ॲक्सिलरेटर तळाला टेकवा. टर्बोने जोर धरला की काटा 4 दाखवेल. पंप तोच, पेट्रोल तेच, मध्ये कुणी एकाही स्क्रूला हात लावलेला नाही. तरी तिन्ही आकडे बरोबर आहेत. आणि इंजेक्टरला विचारलं, तर तो सांगेल की नळी जागेवर होती त्या दोन्ही वेळा माझ्या वाट्याला प्रेशर आलं ते सारखंच, 3 बार.

या कोड्याची उकल एका छोट्या धातूच्या डबीत आहे. तिच्यात ना चिप, ना सेन्सर, ना वायर. पण ती सतत वजाबाकी करत असते, आणि तिची वजाबाकी चुकली तर काही सेकंदांत पिस्टनला भोक पडू शकतं.

आधी इंजेक्टरकडे पाहू. इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल मोजून देतो अशी आपली समजूत असते. खरं तर त्या बिचाऱ्याला पेट्रोल दिसतसुद्धा नाही. तो वेळ मोजतो. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी-मिटणारी एक सूक्ष्म तोटी. कॉम्प्युटर तिला सांगतो, ‘अमुक इतके मिलिसेकंद उघडी राहा.’ तेवढ्या वेळात किती पेट्रोल पडेल हे त्याने गृहीत धरलेलं असतं.

उदाहरणाला टोयोटा सुप्रा घेऊ. ‘फास्ट अँड फ्युरिअस’मधली ती नारिंगी गाडी अनेकांना आठवत असेल. तिच्यातलं टूजेझेड-जीटीई हे 3 लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं इंजिन 1991 साली टोयोटाच्या ॲरिस्टो गाडीत पहिल्यांदा आलं. जपानमधल्या कंपन्यांचा तेव्हा आपसांत एक अलिखित समझोता होता, की कागदावर 280 हॉर्सपॉवरच्या वर जायचं नाही. म्हणून जपानच्या बाजारातल्या इंजिनाला मिनिटाला 440 सीसी पेट्रोल देणारे इंजेक्टर होते आणि परदेशी जाणाऱ्या इंजिनाला 550 सीसीचे. पण ओतीव लोखंडाचा तो ब्लॉक असा दणकट, की जगभरच्या गॅरेजवाल्यांनी त्याच्यावर मोठे टर्बो चढवून दुप्पट-तिप्पट ताकद काढली. इंधनाच्या दाबाचं शास्त्र हौशी मंडळींनी ज्या इंजिनांवर हात पोळून घेत शिकलं, त्यांत हे इंजिन बरंच वर लागेल.

आता हिशेब करा. मिनिटाला 440 सीसी, म्हणजे सेकंदाला 7.33 सीसी. गाडी नुसती उभी, इंजिन मंद चालू, इंजेक्टर समजा 3 मिलिसेकंद उघडला. पेट्रोल पडलं 0.022 सीसी. औषधाच्या ड्रॉपरमधून साधारण 20 थेंबांत 1 मिलिलिटर पडतं, म्हणजे हे एका थेंबाच्या निम्म्याहून कमी झालं. इंजेक्टरची सुई उचलली जायलाच मिलिसेकंदाच्या आसपास वेळ जातो, तो धरला तर आणखी कमी. बरं, हे अर्ध्या थेंबाचं काम निवांत करायची सोय आहे म्हणावं, तर तेही नाही. 6000 आरपीएमला इंजिन सेकंदाला 100 फेरे घेतं. एका सिलिंडरचं चक्र दोन फेऱ्यांत पुरं होतं. म्हणजे पुढचं पेट्रोल सोडायची पाळी 20 मिलिसेकंदांत परत आलीच. एवढ्या घाईत एवढा अचूक हिशेब जमतो, तो एकाच अटीवर: तोटीच्या मागचा आणि पुढचा दाब यांच्यातला फरक कायम ठरलेलाच असला पाहिजे. इंजेक्टर बनवणारे बहुतेक जण आपला आकडा 3 बारच्या फरकावर मोजून छापतात. 3 बार म्हणजे 43.5 पीएसआय. कारच्या टायरमध्ये आपण 32-33 भरतो, त्याहून थोडा जास्त.

हा फरक बदलला तर पेट्रोल किती बदलेल, याचं उत्तर इव्हांजेलिस्टा टॉरिचेलीने 1644 सालीच देऊन ठेवलंय. भांड्याच्या भोकातून पाणी ज्या वेगाने उडतं, तो वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. उंचीच्या जागी दाबातला फरक घातला की झाला इंजेक्टरचा नियम. पेट्रोल दुप्पट हवं असेल तर दाब चौपट करा. 3 चे 12 बार! गाडीचा साधा पंप तिथवर पोचायच्या आधीच मान टाकतो. ‘पेट्रोल कमी पडतंय ना, प्रेशर वाढवू’ हा सल्ला फार दूर का जात नाही, ते या एका वर्गमुळात दडलंय. 3 चे 4 बार केले, म्हणजे तेहतीस टक्के दाब वाढवला, तरी 440 चे होतात फक्त 508. जेमतेम 15 टक्के.

मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की आपल्या गोष्टीतलं दुसरं पात्रही त्याच माणसाचं आहे. विहिरीतलं पाणी ओढून घेणारा पंप दहाएक मीटरच्या वर पाणी का चढवत नाही, हा त्या काळी फ्लॉरेन्समध्ये चघळला जाणारा प्रश्न. त्याच्या मागे लागून टॉरिचेलीने पाऱ्याची नळी उलटी करून निर्वात पोकळी दाखवली आणि हवेला वजन असतं, ती दाब देते, हे मोजून दाखवलं. गॅलिलिओचा हा वारसदार वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीच गेला. सुप्राच्या इंजिनात एका बाजूला त्याचं वर्गमूळ आणि दुसऱ्या बाजूला त्याचा हवेचा दाब, असे दोन्ही शोध एकमेकांसमोर उभे ठाकतात. कारण इंजेक्टरचं तोंड उघड्यावर नसतं, ते इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये असतं. आणि तिथला दाब क्षणाक्षणाला बदलतो.

इंजिन मंद चालू असताना थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटलेली असते आणि पिस्टन पलीकडून हवा ओढत असतात. त्यामुळे मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा 0.6 बारने वगैरे खाली जातो. टर्बो नसलेल्या गाडीत थ्रॉटल पूर्ण उघडला तर तो फार तर बाहेरच्या हवेइतका होईल. टर्बोच्या गाडीत मात्र तो त्याच्याही वर चढतो, हाच बूस्ट. सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून इंजिनात कोंबायची, ही कल्पना आल्फ्रेड ब्युची या स्विस इंजिनिअरची. पेटंट 1905 चं. हवा जास्त गेली की पेट्रोल जास्त जाळता येतं, ताकद वाढते. पण 1 बार बूस्ट म्हणजे इंजेक्टरच्या तोंडावर 1 बारचा उलटा रेटा. मागून 3 बार ढकलतायत, समोरून 1 अडवतोय. फरक उरला 2.

इथे आपली डबी कामाला येते. तिचं नाव फ्युएल प्रेशर रेग्युलेटर. आत मधोमध एक लवचीक पडदा, म्हणजे डायफ्राम. खालच्या कप्प्यात रेलमधलं पेट्रोल, वरच्या कप्प्यात स्प्रिंग. पेट्रोलचा दाब स्प्रिंगपेक्षा वरचढ झाला की डायफ्राम उचलला जातो आणि जादा पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत परत जातं. दाब उतरला की पडदा बसतो. कुकरची शिट्टी हेच करते, वजन उचलण्याइतकी वाफ साठली की बाहेर. आता या शिट्टीचं वजन जर स्वयंपाकघरातल्या हवेच्या दाबाप्रमाणे आपोआप कमी-जास्त होऊ लागलं तर? रेग्युलेटरमध्ये तसंच केलेलं असतं. स्प्रिंगच्या कप्प्याला एक बारीक नळी जोडून तिचं दुसरं टोक मॅनिफोल्डमध्ये सोडलेलं असतं. मॅनिफोल्डमध्ये ओढ असली की ती स्प्रिंगला थोडी वर ओढते, पेट्रोल लवकर सुटतं, गेजवर 2.4. बूस्ट आला की तो स्प्रिंगच्या बाजूने डायफ्रामवर बसतो, पेट्रोल उशिरा सुटतं, गेजवर 4. 2.4 मधून उणे 0.6 वजा करा, 3. 4 मधून 1 वजा करा, 3. गेज बाहेरच्या हवेशी तुलना करतं, इंजेक्टर मॅनिफोल्डशी करतो, आणि डबी इंजेक्टरच्या बाजूने उभी राहते.

ती नळी नसेल तर काय होईल ते पाहा. 1 बार बूस्ट, फरक 2 बार. 2 भागिले 3 चं वर्गमूळ 0.816. म्हणजे इंजेक्टर तेवढाच वेळ उघडूनही पेट्रोल 18 टक्के कमी. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण बूस्टखाली मिश्रण मुद्दाम ‘रिच’ ठेवतात, एका भाग पेट्रोलला सुमारे 11.8 भाग हवा. पेट्रोल 18 टक्के घटलं की हेच प्रमाण 14.4 च्या पुढे जातं. पेट्रोल पूर्ण जळायला लागणाऱ्या 14.7 च्या जवळ, कागदावर किती छान! प्रत्यक्षात बूस्टखाली हे मरणाचं मिश्रण आहे. ते जादाचं पेट्रोल जळण्यासाठी नसतंच, बाष्प होताना ते सिलिंडर थंड ठेवतं. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतो, आणि समोरची ज्वाला 2000 अंशांच्या पुढची. एरवी पिस्टन टिकतो तो रिंगांमधून, ऑइलमधून आणि या जादा पेट्रोलमधून उष्णता निघून जाते म्हणून. मिश्रण ‘लीन’ झालं की नॉकिंग सुरू होतं, ठिणगीच्या ज्वाळेची वाट न पाहता उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं आणि पिस्टनच्या माथ्यावर हातोडे बसू लागतात. चांगल्या गॅरेजमध्ये ही साधी रबरी नळीसुद्धा दोन्ही टोकांना क्लिप लावून घट्ट केलेली दिसते, त्याचं कारण हे. पूर्ण बूस्टमध्ये ती निसटली, तर डबीला वाटतं बाहेर शांत आहे, आणि ती 3 वरच थांबते.

आता दाब सेट करायचा म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगता येईल. स्प्रिंगचा ताण ठरवायचा. आणि तो ठरवताना मॅनिफोल्डची लुडबुड बाजूला ठेवायची.

काम असं चालतं. सुप्राच्या मूळ रेग्युलेटरला स्क्रूच नाही, त्यामुळे ताकद वाढवलेल्या गाड्यांत बाहेरचा, डोक्यावर स्क्रू असलेला रेग्युलेटर बसवलेला असतो. इंजिन गार हवं, जागा मोकळी हवी, अग्निशामक सिलिंडर हाताशी हवा. पहिल्यांदा रेलमध्ये कोंडलेला दाब उतरवायचा: फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करायचं आणि ते आपलं आपण बंद पडेपर्यंत थांबायचं. मग जोडाखाली फडकं धरून गेज बसवायचं. फ्यूज परत लावून इंजिन मंद चालू ठेवायचं. रेग्युलेटरवरची नळी काढून तिच्या तोंडात बूच मारायचं, म्हणजे मॅनिफोल्ड तिथून हवा ओढणार नाही. आता स्प्रिंगच्या कप्प्यात बाहेरची हवा आहे, गेजही बाहेरच्या हवेवरून मोजतं, दोघांचं शून्य एक झालं. लॉकनट सैल करायचा, ॲलन कीने स्क्रू फिरवायचा. उजवीकडे फिरवला की स्प्रिंग दाबली जाते, दाब चढतो. एका वेळी पाव फेरा, मग काटा स्थिरावेपर्यंत हात बाजूला. मॅन्युअलमध्ये किंवा त्या गाडीच्या ट्यूनमध्ये जो आकडा धरला असेल तो आला, समजा 3 बार, की नट आवळायचा. नट आवळताना स्क्रू हमखास किंचित फिरतो, म्हणून पुन्हा एकदा काट्याकडे बघायचं. हाच उद्योग तुम्ही महाबळेश्वरला केलात, जिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे 15 टक्के कमी असतो, तरी काटा 3 च दाखवेल. डबीला आणि गेजला दोघांनाही फक्त फरक कळतो.

एवढ्यावर थांबणारे बरेच असतात. खरी परीक्षा पुढे आहे. नळीच्या जागी छोटा हातपंप जोडून स्प्रिंगच्या कप्प्यात 0.5 बार हवा भरायची. काटा 3.5 वर गेला पाहिजे. 1 बार भरली की 4. जेवढ्यास तेवढं. काटा मागे राहिला तर डायफ्राम कुठेतरी गळतोय किंवा डबी अडकतेय. ही तपासणी उभ्या गाडीवर होते आणि पिस्टनचा जीव वाचवते.

तरी उभ्या गाडीवर एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे पंपाचा दम. दाब जितका जास्त, तितकं पंप कमी पेट्रोल ढकलतो. आणि टर्बोच्या गाडीत जास्तीत जास्त पेट्रोल नेमकं तेव्हा लागतं जेव्हा दाबही जास्तीत जास्त असतो. रेग्युलेटर जादा पेट्रोल सोडून देऊ शकतो, नसलेलं आणू शकत नाही. सुप्रात तर आणखी एक मेख आहे. टोयोटाने पंपासाठी वेगळा छोटा कॉम्प्युटर दिला आहे, जो इंजिनावर ताण नसताना पंपाला कमी व्होल्टेज देतो, आवाज आणि झीज कमी व्हावी म्हणून. मोठा पंप बसवणारे त्याला बगल देऊन पंप थेट 12 व्होल्टवर घेतात. मग उलटीच अडचण: मंद चालू इंजिनाला नको असलेलं एवढं पेट्रोल बारीक रिटर्न लाइनमधून परत जाऊ शकत नाही, आणि स्क्रू कितीही सैल केला तरी काटा 3 च्या खाली यायला तयार होत नाही. अशा वेळी दोष स्क्रूचा नसतो, पाइपाचा असतो.

गेजचीही एक लबाडी सांगतो. युजीन बुर्दोंने 1849 साली पेटंट घेतलेल्या वाकड्या नळीवर बहुतेक काट्यांची गेजं चालतात. ती नळी आतला दाब आणि गेजच्या डबीतला दाब यांच्या फरकाने सरळ होते. काटा थरथरू नये म्हणून डबीत ग्लिसरीन भरून सील केलेलं गेज इंजिनाशेजारी तापलं, की डबीतलाच दाब वाढतो आणि काटा खरा दाब असेल त्याहून कमी दाखवतो. सकाळी 3 वर लावलेला स्क्रू, दुपारी तापल्यावर काटा 2.8, की लागले लोक स्क्रू पिळायला! गेजच्या डोक्यावर हवा सोडायचं बूच असेल तर ते आधी उघडा.

एके काळी साध्या गाडीला टर्बो किट लावताना वेगळीच युक्ती चाले. इंजेक्टर लहान, कॉम्प्युटर मूळचा, मग बूस्ट 1 ने वाढला की दाब 1 ऐवजी पाच-सहापट वाढवणारा रेग्युलेटर बसवायचा. कमी बूस्टवर ते निभतं. पण वर्गमूळ शेवटी वसुली करतंच, पंपाची दमछाक होते आणि इंजेक्टर एवढ्या दाबापुढे नीट उघडेनासा होतो. माझ्या मते ही तडजोड इंजिनावर प्रेम नसलेल्यांसाठी आहे. मोठे इंजेक्टर घ्या, ट्यून नीट करून घ्या, दाब 3 वर राहू द्या.

आजच्या बहुतेक नव्या गाड्यांत हा स्क्रू शोधायला जाऊ नका. अनेकांत रेग्युलेटर टाकीतच गेलाय आणि मॅनिफोल्डची वजाबाकी कॉम्प्युटर सेन्सरवरून स्वतः करतो, वर्गमुळासकट. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या टर्बो पेट्रोल इंजिनांत दाब 350 बारपर्यंत जातो, आणि नाशिककर ज्याला अजून मायकोच म्हणतात त्या बॉशच्या कारखान्यात बनणारे डिझेल कॉमन रेलचे इंजेक्टर तर याच्याही कितीतरी पट दाबाखाली काम करतात. तिथे चालू इंजिनाचा पाइप सैल करणं म्हणजे कातडीत घुसणारी धार सोडणं. ते काम कंपनीच्या वर्कशॉपचं.

मात्र रेग्युलेटर इंजिनावर असलेली एखादी जुनी टर्बो गाडी घ्यायला निघाला असाल, तर ओडोमीटर आणि रंग नंतर बघा. इंजिन बंद असताना ती बारीक नळी काढा आणि नाकाशी धरा. पेट्रोलचा वास आला किंवा आत ओल दिसली, तर डायफ्राम फाटलाय. नवा रेग्युलेटर बसेपर्यंत त्या गाडीला किल्ली लावू नका.